पंचवीस मिनिटं

फहाहीलच्या आमच्या घरात नाताळ
सहाला येतो
आणि सहा पंचविसाला बूट घालतो.

सहाला बावतीस रिफायनरीतून परततो,
डोळ्यांत रात्रभरच्या ज्वाळेची लाली.
सहा पंचविसाला माझी हॉस्पिटलची बस.
इथे पंचवीस ही
चोवीस आणि सव्वीसच्या मधली तारीख,
बाकी काही नाही.

पीठ मात्र रात्रीच भिजवलेलं.
सासूबाईंनी माप कधी सांगितलंच नाही:
"मैदा ओंजळीने, नारळ दिसेल तेवढा,
ताडी वासावर."
ताडी कुठून आणू?
रस्त्याच्या दुतर्फा खजुरी उभ्या आहेत,
पण त्यांना मी मडकं बांधलं
तर मला पोलीस बांधतील.
मग यीस्टची पुडी, कोमट पाणी, चमचाभर साखर,
आणि पातेलं जुन्या शालीत गुंडाळून
गिझरच्या खाली.

वसईला म्हणे देवळाच्या पहिल्या घंटेला
पीठ काठाशी आलं पाहिजे.
इथे घंटा नाही.
पहाटेची बांग होते,
मी झाकण उचलून बघते:
आलंय. काठाशी.
पीठ कुणाच्याही हाकेला उठतं.

फुगे माझ्या हातचे नव्हेत खरं तर.
मी जालन्याची.
आमच्याकडे नाताळच्या पहाटे
गायनमंडळ दारात यायचं,
रात्रभर घरोघर फिरून घसे बसलेली पोरं,
थंडीने उतरलेली ढोलकी,
आणि आई त्यांच्यासाठी परातभर सुशीला करायची.
भिजवलेले मुरमुरे, हळद, शेंगदाणे,
आणि मिरची इतकी
की बसलेला घसा पुन्हा सुरात यायचा.
लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात
मी ती वसईला केली, तेव्हा
थोरल्या जाऊबाई म्हणाल्या,
"अगं, भेळेत पाणी सांडलं वाटतं."

आता माझ्या ओट्यावर
शेगड्या दोन आहेत.
एकीवर तेल, एकीवर फोडणी.

मुठीतून पीठ दाबायचं,
अंगठ्याशी लिंबाएवढा गोळा वर येतो,
तो ओल्या बोटाने तेलात सोडायचा
आणि मागे सरायचं.
पहिल्या चारांना शेपट्या. ते माझे.

किल्लीचा आवाज. गंधकाचा वास.
बावतीस हात धुतो, कोपरापर्यंत,
तरी वास राहतोच.
सगळे बसल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही,
एवढा एकच नियम.
तो क्रूसाची खूण करतो,
मी नुसते डोळे मिटते,
लिओना त्याच्यासारखी, एडन माझ्यासारखा,
निदान आज तरी.
प्रार्थना छोटी.
देवाला आमच्या शिफ्ट ठाऊक आहेत.

मग एडन एक फुगा फाडतो,
आत लबने लावतो, वर झातर,
आणि त्यात कोंबतो चमचाभर सुशीला.
मी बावतीसकडे बघते, बावतीस छताकडे.
"असं कुणी खातं का रे?"
"आपण नेहमी असंच खातो," तो म्हणतो,
तोंड भरलेलं.

नेहमी.
त्याचं नेहमी आठ वर्षांचं आहे.
सासूबाईंचंही कुठून तरी
सुरू झालं असेलच.
मी हात पुढे करते: "मला दे एक तसला."

खाली हॉर्न.
"भांडी राहू दे," बावतीस म्हणतो,
आणि बसल्या जागी पेंगायला लागतो,
बशीत अर्धा फुगा.

बसमध्ये दिवे मंद.
कोट्टायमच्या जेसीच्या डब्यात अप्पम,
मागे मरिवीकच्या मांडीवर
केळीच्या पानातला बिबिंगका.
कुणी काही म्हणत नाही.
सिग्नलला बस थांबते
आणि झाकणं उघडतात.
शेपटीवाले चार
मी आधी पुढे करते.