सावरणे

अ‍ॅबरडीन. ऑक्टोबर. खोली नंबर बारा.
हीटर धापा टाकतोय
आणि एकाच आरशापुढे दोन व्याही.

मुलीचे वडील न्यामेचे बोआची, कुमासीचे.
पलंगभर त्यांचा केंटे पसरलाय,
चार बोटं रुंद पट्ट्या, एकीला एक शिवत गेलेल्या,
पिवळ्याच्या पोटात हिरवा, हिरव्याच्या पोटात काळा.
मुलाचे वडील मर्डो गेडिस,
बोटींची इंजिनं उघडण्यात आयुष्य गेलं,
नखांच्या कडेचं ग्रीस आज ब्रशलाही दाद देईना.

"आठ वार," मर्डो म्हणतो,
किल्टच्या निऱ्यांवरून हात फिरवत.
"आठ वार," न्यामेचे म्हणतात.
(नऊवारीला एकच वार कमी,
पण हे त्यांना कोण सांगणार?)

एकाचे आठही वार मागे मोजून घातलेले, शिवलेले,
निरी मोडते तिथेही चौकटीची रेघ मोडत नाही.
दुसऱ्याला बटण नाही, गाठ नाही, नाडी नाही.
डाव्या खांद्यावर टाकलेलं, उजवा खांदा उघडा.

"मग घसरत नाही?"
"घसरतं ना."

मर्डो चांदीची पिन पुढे करतो, आजोबांची.
"घ्या. माझ्याकडे ही तशीही काही धरून ठेवत नाही,
वाऱ्यासाठी वजन, एवढंच."
न्यामेचे ती तळहातावर तोलतात,
परत देतात.
"पिन लावून आलेला माणूस
उत्तर पाठ करून आलेल्या मुलासारखा.
कापड घसरणार.
घसरलं की सावरायचं, घाई न दिसता.
माझे वडील सावरायचे तेव्हा
भांडायला आलेली माणसं आपोआप थांबायची.
मला अजून तसं जमत नाही.
बायको गेली त्या वर्षी तर
अंगावर काहीच टिकत नव्हतं."

मर्डो मोज्यांच्या पट्ट्या बांधत राहतो,
बराच वेळ. पट्ट्या दोनच आहेत.

दार ढकलून रुअरी डोकावतो, निळा सूट, नवरदेव.
"गारठाल दोघंही!"
हे त्याचे गुडघे बघतात, तो यांचा खांदा.
मुलगा गेल्यावर मर्डो हळूच म्हणतो,
"बिचारा. पँट घालून लग्न."
आणि मग दोघं असे हसतात
की कापड घसरतं, खरोखरच.

चर्चमध्ये पुढच्या रांगेत रुअरीची पणजी,
सत्त्याण्णव वर्षांची, चाकाच्या खुर्चीत, मांडीवर घोंगडी.
अडवोआचा हात तिच्या नवऱ्याच्या हाती देऊन
न्यामेचे वळतात, म्हातारीसमोर थांबतात,
वहाणा काढतात,
आणि खांद्यावरचं कापड उतरवून कमरेशी धरतात.
उघडी छाती, पिकलेले केस,
दगडी भिंतींची थंडी.

कुजबुज होते. कुणी मावशी कोट घेऊन उठते.
मर्डो तिला हातानेच बसवतो.
त्याला यातलं काही माहीत नाही.
पण तासाभरापूर्वी त्याने हे हात पाहिलेत,
आणि हे घसरणं नव्हे
एवढं त्याला कळतं.

म्हातारी चष्मा वर सरकवते.
आपला गार हात त्यांच्या उघड्या खांद्यावर ठेवते,
म्हणते, "छान दिसतोस रे.
आता झाक, सर्दी होईल."

न्यामेचे सावरतात.
या वेळी, मर्डो नंतर सगळ्यांना सांगत होता,
ऑर्गनवालासुद्धा थांबला होता.
(ऑर्गन तेव्हा वाजतच नव्हता.)