पायरी

तिबिलिसीतलं आमचं इस्पितळ सहा मजली.
लिफ्ट एकच.
लिफ्टमध्ये एक स्टूल, त्यावर मी,
एकवीस वर्षं.

सव्वाआठला प्रोफेसर म्गेलाद्झे येतात.
बटण दाबत नाहीत.
नुसते उभे राहतात,
लिफ्टला कळलं पाहिजे.
लिफ्टला म्हणजे मला.

एकदा दुसऱ्या मजल्यावर स्ट्रेचर अडकलं,
चार मिनिटं थांबावं लागलं त्यांना.
ती चार मिनिटं सिस्टर लामाराच्या
रजेच्या अर्जांतून वळती झाली,
वर्षभर, थोडी थोडी.

त्यांच्या मागे त्यांची बॅग धरणारा डॉक्टर,
त्याच्या मागे त्याचा कोट सांभाळणारी
नवी पोरगी, तेक्ले,
जिला अजून कुणी हातात काही द्यायला मिळालेलं नाही.
आत शिरायचाही क्रम ठरलेला.
लिफ्टमध्ये पायऱ्या नसतात
असं कोण म्हणतं?

मजला ते सांगत नाहीत.
छताकडे बघतात,
जणू चौथा मजलाच खाली यायला हवा होता.
रात्री मी म्झियाला नक्कल करून दाखवतो,
छताकडे बघत सूप मागतो.
हसता हसता तिला ठसका लागतो.

गेल्या गुरुवारी
राजम्याचं कालवण खाऊन परत आलो तर
स्टुलावर झाडूवाली त्सिउरी.
एक बूट काढलेला,
टाच चोळत होती.
सहा मजले पुसून झाले होते तिचे,
ते दिसत होतं.

मी काही बोललो नाही.
नुसता उभा राहिलो.
मग, देवाशप्पथ, मुद्दाम नाही,
मान वर गेली.
छताला एक गंजका डाग आहे,
एकवीस वर्षांत पहिल्यांदा पाहिला.

ती ताडकन उठली, एका पायात बूट,
हातातल्या फडक्यानं स्टूल पुसलं,
म्हणाली, ‘माफ करा, बातोनो.’

बातोनो.
साहेबांना म्हणतात तसं.
मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

स्टूल काही माझं नाही.
बुडाशी इस्पितळाचा आकडा रंगवलाय, ३१७.
बस गं, असं म्हणता आलं असतं.
तोंडापर्यंत आलंही होतं बहुतेक.

पण खोटं कशाला बोलू,
गोड लागलं.

ती जिन्यानं गेली, बूट हातात घेऊन.
स्टूल ओलं होतं, तरी बसलो.
तिसऱ्यावर कुणीतरी घंटी दाबत होतं.

दाबू दे म्हटलं
थोडा वेळ.