कल्ला

सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त मी लिहिते.
नऊ वर्षं झाली. देवगड, बर्फाच्या कारखान्यामागची खोली,
वर एक पंखा, फिरतो सगळ्यांसाठी,
वारा फक्त लवू कुबलांना लागतो.

आई सांगायची, मासा घेताना
डोळ्यांना भुलू नको, वरून पाणी मारतात.
कल्ला उचलून बघ.
इथे कल्ला म्हणजे दुसराच, टेबलावर थापा मारणारा.
हळूहळू मी तोही उचलून बघू लागले.

"जेटीचो नारळ फुटलो नि पंधरा दिसात बांगडो गेलो!"
माना हलल्या. मी समासात पेन्सिलीने
एक कावळा काढला, खाली मोडलेली फांदी.
"आज बर्फ दोन रुपयांनी वाढवलात,
उद्या होडये विकूक लावशात."
शेवाळलेल्या पायऱ्या काढल्या.
सगळ्यात खालच्या पायरीवर कुणीच पडलेलं नव्हतं.
"तू आमचो की एजंटाचो?"
ह्याला दोनच रेघा, आणि मध्ये पुष्कळ पाणी.

मार्चात ऑडिटरने विचारलं, बाई, ही चित्रं कसली?
म्हटलं, भाच्याने गिरवलंय.
खोटं बोलले. पण त्यात तर्कदोष नव्हता.

मग एका सभेत विश्राम खवळे उठला,
खुर्चीची पाठ धरून.
"काटो खोटो आसा. शंभरामागे चार किलो खाता."
कुणीतरी म्हणालं, "आदी सरळ उबो रव!"
खोलीभर हसू. त्यात माझंही.
मी लिहिलं: श्री. खवळे यांनी नशेत आरोप केला.
पेन्सिल बोटांतच होती.
समास कोरा राहिला.

गुणाबाई तारी तर महिनाभर तेच सांगत होती,
कारण काय, तर तिचा उजवा डोळा लवतो.
तिलाही मी एक कावळा देऊन टाकला होता.

परवा पहाटे लिलावाआधी
तांदळाची बंद गोण नेली, पंचवीस किलोची,
काट्यावर ठेवली.
चोवीस.
पुन्हा ठेवली. चोवीस.
खाडीत भरती चढत होती, होड्यांचे दोर
एकेक करून ताणले जात होते.

आज मागचं इतिवृत्त वाचून कायम करायचं होतं.
मी उभी राहिले. म्हटलं, त्याआधी एक दुरुस्ती आहे,
एक शब्द खोडायचा आहे, 'नशेत',
आणि एक वजन लिहायचं आहे.

पंखा फिरत राहिला.
लवू कुबलांनी चष्मा काढला, पुसला,
"बाई, तुमी आमच्या की विश्रामाच्या?"

मी पेन्सिलीला टोक करते आहे.