पंचेचाळीस मिलिलिटर

नळाला चिकटपट्टी लावते. कमोडमध्ये
निळी गोळी टाकते.
साबण बाहेर, कोट बाहेर, खिसे उलटे.
दार लोटलं की माझं काम एवढंच:
ऐकायचं.

डुलुथ बंदरातले बरेचजण मी असे ओळखते,
आवाजावरून.
कोण घाईत, कोण शीळ घालतो,
कोण उगाच खाकरतो.

आज वेंडेल कांगास. गव्हाच्या कोठारावर एकतीस वर्षं.
चिठ्ठीत नाव निघालं. चिठ्ठ्या संगणक काढतो,
त्याला ना कुणाची माया, ना कुणावर डूख.

आतून काहीच ऐकू येईना.
बाहेर आला तो रिकामा पेला घेऊन,
गणित न सुटलेली पाटी
मास्तरांपुढे धरावी तसा.

नियम असा: पाणी प्या, तीन तास थांबा.
तेवढ्यात रेघेपर्यंत भरला नाही
तर नकार समजावा.
नकार म्हणजे घरी बसा.

पहिला तास आम्ही बर्फावर बोललो,
सरोवर यंदा उशिरा गोठतंय.
दुसऱ्या तासात फोरमनचे दोन फोन.
"काय लपवतोय तो?"
पाणी पितोय, मी म्हटलं.

वीस मिनिटं उरली तेव्हा
त्याने खुर्ची जवळ ओढली
आणि टोपी गुडघ्यावर फिरवत,
टोपीलाच सांगावं तसं सांगितलं.
गाठ. कुठे. केव्हापासून.
"आर्लिसला माहीत नाही अजून.
नाताळ होऊ दे म्हटलं."

फॉर्मवर याला रकाना नाही.
शेऱ्याची एक ओळ आहे, बोटभर,
आणि तिची एक प्रत मालकाकडे जाते.
मी पेन उचललं. ठेवलं.
झाकली मूठ इथे
पंचेचाळीस मिलिलिटरची.

सहा मिनिटं असताना
थेंब थेंब करत रेघेला जेमतेम टेकलं.
तापमान बरोबर. सील, तारीख, सही.
अहवाल निर्मळ येणार हे दोघांनाही ठाऊक होतं.
पेल्याला कुणी विचारलं नव्हतं
ते माझ्याकडे राहिलं.

शनिवारी दुकानात आर्लिस भेटली.
"फार वेळ लागला म्हणे त्या दिवशी, वेंडेलला?"
"गर्दी होती," मी म्हणाले.
त्या दुपारी
खुर्च्या सहा होत्या आणि माणूस एक.

"हो का," ती म्हणाली,
आणि बटाटे निवडत राहिली,
एकेक उलटून, अंगठ्याने दाबून,
माझ्याकडे न बघता.