पंधराच्या आसपास

रात्रपाळीला आम्ही दोघंच असायचो, कुलाब्याला,
मी आणि हरेश्वर वैती, पंपवाले.
ते पडद्याकडे बघत नसत.
पाइपावर चार बोटं टेकवून सांगत,
"निर्वात अजून धरलं नाही, बाय. दम खा."
गेजचा काटा तेच सांगायचा, जरा उशिरा.

एकदा अडीचच्या सुमारास त्यांनी विचारलं,
एवढं मोजतेस तरी काय?
थरथर, म्हटलं.
शिशाचं केंद्रक घ्या.
ब्याऐंशी प्रोटॉन, एकशे सव्वीस न्यूट्रॉन,
एरवी ज्याची त्याची कक्षा, ज्याचा त्याचा फेरा.
नेमका धक्का बसला की मात्र
सगळे प्रोटॉन इकडे, सगळे न्यूट्रॉन तिकडे,
मग उलट.
पुढारी कुणी नाही. हाकही देत नाही कुणी.

"हाक लागते," ते म्हणाले.
"पावसाळ्याआधी होडी वर ओढायची,
चाळीस माणसं दोराला,
चाळिसांचा जोर चाळीस वेळांना.
होडी ढिम्म.
मग कुणीतरी नुसतं खाकरतं,
आणि निघते ती.
जोर तेवढाच असतो, हां."

पडद्यावर गॅमांचा आलेख घसरत चालला होता,
उतार, उतार, नुसता उतार,
आणि पंधराच्या आसपास
पाठ वर काढली त्याने,
पाण्याखालून काहीतरी सरकून जावं तशी.

"हीच ती?"
"हीच."
"लई रुंद आहे."

मी सांगितलं, जगणं जितकं थोडं
तितकी पाठ रुंद.
झोके एखाद-दोन, फार तर.
तो वेळ लिहायचा तर दशांश चिन्हापुढे
एकवीस शून्यं मांडायची,
मग कुठे पहिला आकडा.
तेवढ्यात सगळा एकजोर
बारीकसारीक धांदलीत विरतो,
पुन्हा ज्याचा तो.

ते बराच वेळ बोलले नाहीत.
"होडी वर आली की तसंच," म्हणाले,
"दोर टाकतात. जो तो आपल्या घरी.
लुंगीला पुसलेले हात, बस्स."
आणि चहाचं भांडं विसळायला गेले.

निवृत्तीनंतर एकदाच भेटले, मच्छीमार नगरात,
जाळ्याच्या ढिगावर बसलेले.
होडी कोण ओढतं आता?
"क्रेन येते. तासावर पैसे."
मग माझ्याकडे न बघता,
"तुझ्या त्या शून्यांत एखादं कमी झालं का गं?"
नाही, म्हटलं.
"मग बरंय."

पंपाकडे आता रौनक असतो,
मुलगा हुशार आहे, गेज डिजिटल.
तो खाली गेला की मी कधी पाइपावर
चार बोटं टेकवते.
मला काही कळत नाही.
गार लागतं, आणि आत काहीतरी चालू आहे
एवढंच.