वेगळी चूल

सुन्व्हाच्या फळ्यांच्या कोठीत
मेंढीचं मांस टांगलेलं असतं, खाऱ्या वाऱ्यावर वाळायला,
आणि त्याच्या खाली, बुटांच्या खोक्यावर,
एक सर्व्हर गुरगुरत असतो.
आम्ही एकशे त्रेचाळीस जण त्यात राहतो.

मी आलो तेव्हा मोठा बाजार नुकताच विकला गेला होता.
त्या आठवड्यात नऊशे माणसं आली,
पाहुण्यांसारखी नव्हे,
बोट चुकलेल्यांसारखी.
जो तो विचारी, इथे गर्दी कुठे असते?
सुन्व्हा लिही: गर्दी नाही. एल्सपा आहे.
तिची दाढ दुखतेय कालपासून.

महिनाभरात बहुतेक पांगले.
का राहिलास, असं मला कुणी विचारलं तर
मी फार मोठं काही सांगू शकणार नाही.
एका रात्री मी लिहिलं होतं की फेरीचा दोर ओढून
तळहात फाटलेत,
आणि अनोळखी रोवेनाने, जी मासळीच्या कारखान्यात
रात्रपाळीला असते, आणि जिचं गाव समुद्रापलीकडे,
आणखी दोन समुद्रांपलीकडे आहे,
लिहिलं होतं: मेंढीची चरबी लाव. मोजे घाल हातांत. झोप.
मी हातांत मोजे घालून झोपलो.

विजेचं बिल कॉफीच्या डब्यातून जातं.
कुणी पैसे टाकतं, कुणी लोकर,
हानुस वर्षातून एकदा अख्खा कॉड आणून ठेवतो दारात
आणि बेल न वाजवता जातो.

आणि बॉरुर.
दीपगृहाखाली राहणारा बॉरुर रोज सकाळी सहाला
वारा लिहायचा.
वायव्य. जोराचा. मेंढ्या आडोशाला.
एवढंच. त्याला कुणी कधी शाबासकी दिली नाही,
पण ते वाचल्याशिवाय
आमच्यातलं कुणी बूट चढवत नव्हतं.

रोवेना आमची भाषा लिहिते तशी लिहिते,
धावत, चुकत, पुढे जात.
बॉरुर तिची एकेक चूक काढायचा.
नोव्हेंबरात त्याने चुकीपलीकडचं काही लिहिलं.
ते मी इथे पुन्हा लिहीत नाही.
सुन्व्हाने ते पुसलं, आणि का पुसलं तेही
सगळ्यांसमोर, चार ओळींत, सही करून लिहिलं.

बॉरुरने चूल वेगळी मांडली.
क्लाक्सविकला पुतण्याचा सर्व्हर आहे, तिथे गेला
सगळं बोचकं घेऊन.
तीन सकाळी वारा आला नाही.
वारा होता, म्हणजे. कौलं उडाली दोघांची.
पण आला नाही.
माझे बूट तीन दिवस दाराशी बावळटासारखे उभे.

चौथ्या दिवशी सहाला:
दक्षिण. मंद. धुकं.
तोच बॉरुर, नावामागे शेपूट तेवढं दुसरं,
दुसऱ्या घरातून आमच्या अंगणात.

मी तेव्हा कोठीत होतो, नवी डिस्क बसवायला,
डोक्यावर मांसाची थंड तंगडी घासत.
सुन्व्हाच्या पडद्यावर एक बटण असतं.
दाबलं की क्लाक्सविकचं अख्खं कवाड बंद.
तिचं बोट तिथवर गेलं.
मी बघितलं. तिने बघितलं मी बघितलं ते.
मग म्हणाली, बॅटरी नीट धर ना,
अंधारात कुठला स्क्रू हे कळत नाही.

आमच्या भाषेत एक मुकं अक्षर आहे.
ते लिहायचं, उच्चारायचं नाही.
दक्षिणेत ते असतं. बॉरुरच्या नावातही असतं.
घाईत, किंवा रागात, दक्षिणेतून ते गळलं होतं.

सात वाजता, पाळी सुटल्यावर,
रोवेनाने त्याच्या वाऱ्याखाली लिहिलं:
एक अक्षर राहिलं.

एवढंच. ना हसरा चेहरा, ना टोमणा.
किंवा असेल टोमणा. मला तिचं मन काय माहीत.

त्याने उत्तर दिलं नाही.
आठच्या फेरीचे दोर सोडताना मी पुन्हा फोन काढला,
ओल्या बोटांनी.
अक्षर जागेवर होतं.