ताणा

मेडिकलच्या नेत्र विभागात
खोब्रागडे सिस्टर विचारतात,
दहापैकी किती दुखतं, काका?
मी म्हणतो, शंभर.
अहो, दहापैकी.
सुताचं सांगतो, सिस्टर. शंभर नंबरचं सूत.
नंबर जितका मोठा तितकं बारीक.
भुवईतून निघतं, कानामागे जातं,
आणि तुटत नाही.

त्या सात लिहितात.

थेंब घालून झालेत, गोळी पोटात गेली,
आता हे तिसरं, म्हणतात, हे फुकट आहे.
कुलरजवळच्या खुर्चीत बसवतात.
डोळे मिटा. खांदे सोडा.
आता समुद्र डोळ्यासमोर आणा.

डोळ्यासमोर!
काचबिंदू झाल्यापासून डोळ्यासमोर जे येतं
ते कडेनं खाल्लेलं,
पेटीतल्या पातळाला कसर लागावी तसं.
आणि नागपुरात कुठला समुद्र?
तांडापेठेतून अंबाझरीपर्यंत गेलो,
तेवढंच मले पाणी माहीत.

मग तुम्हाला जे येतं ते आणा.

मला माग येतो.

खड्ड्यात पाय. पावडीवर अंगठा.
धोटा उजवीकडून डावीकडे, श्वास आत.
डावीकडून उजवीकडे, बाहेर.
घाई केली की काठ ओढला जातो.
कुलरचं पाणी टपटपतंय, ठोका सापडतो.

कपाळ सोडा, म्हणतात सिस्टर. जबडा सोडा.
जीभ टाळूपासून सोडा.
जिभेलाही ताण असतो
हे बासष्टाव्या वर्षी कळलं.

बाप म्हणायचा, रात्री मागावरून उठताना
ताणा ढिला करून उठावं,
नाहीतर सूत रात्रभर जागं राहतं
आणि सकाळी पहिल्याच ठोक्याला तुटतं.
मी करायचो. न चुकता. सुताचा.
अन् स्वतः तसाच ताठ जाऊन पडायचो,
उधारीचा हिशोब दातांत धरून.

पुढं पावरलूम आले.
माग लाकडाच्या भावात गेला.
पण तो खुंटा फिरवायची सवय
मनगटात राहिली असावी,
कारण आत्ता, मिटल्या डोळ्यांनी,
मानेतला एक फेरा सोडला मी.
भुवईमागचा अर्धा.
अर्धाच. पुढं अडकलं.

किती आता?
साठ नंबर, म्हणतो.
आता त्या विचारत नाहीत, पाच लिहितात.
रोज दोनदा करायचं, काका.
अन् थेंब चुकवायचे नाहीत,
याच्या भरवशावर तर मुळीच नाही.

बाहेर बाकावर कौतिका,
थर्मासात बर्फ, बर्फात थेंबांची बाटली.
बरं वाटते का?
दुखते, म्हणतो.
पण ढिलं दुखते.

ती काही बोलत नाही.
काळा चष्मा पदराला पुसते,
माझ्या नाकावर ठेवते.
आम्ही उन्हात उतरतो.